दुसरा प्रश्न

सामान्यज्ञान या विषयाला आपल्या घरांतून मोठा मान आहे. मुलाला गणितात किती गुण पडले हे पाहुण्यांना सांगताना आईबापांचा स्वर कधीकधी दबतो. पण पाच वर्षांचे नातवंड देशोदेशींच्या राजधान्या घडाघडा म्हणून दाखवू लागले की आजोबांचा चेहरा उजळतो. सणाच्या दिवसांत धर्मग्रामाच्या सभागृहात प्रश्नमंजूषा ठेवली, तर नाटकाला व्हावी तेवढी गर्दी होते. पहिला प्रश्न राजकीय पुढाऱ्यांवर, दुसरा ग्रहताऱ्यांवर, तिसरा सिनेमावर, अशी सरमिसळ असली की आबालवृद्धांना आपापला घास मिळतो. सूत्रसंचालकाने प्रश्न उच्चारावा आणि स्पर्धकांच्या आधी प्रेक्षकांतूनच उत्तराची कुजबुज उठावी, हे आम्ही पंचवीस वर्षांच्या धर्मगुरुपदाच्या काळात अनेक धर्मग्रामांत अनुभवले आहे.

या हौसेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री अंगणात बसून शनीला चंद्र किती, यावर शेजाऱ्याशी वाद घालतो, यात मनाचे आरोग्य आहे. ज्या गोष्टीपासून एका पैचाही लाभ नाही तीसुद्धा जाणून घ्यावीशी वाटणे, ही माणसाला लाभलेली फार मोठी देणगी होय. आम्हांला चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रश्न, एका शब्दाचे उत्तर, टाळ्या, आणि लगेच पुढचा प्रश्न, या घाईत एक प्रश्न नेहमी मागे राहतो.

गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्हांला तर्कशास्त्र शिकविणारे एक वृद्ध धर्मगुरू होते. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिले तर ते शांतपणे दुरुस्त करीत. बरोबर उत्तर दिले की मात्र चष्म्यावरून पाहत विचारीत, “कशावरून?” उत्तर बरोबर असूनही विद्यार्थी गडबडून जाई. कुठेतरी वाचले होते, कोणीतरी सांगितले होते, सगळेच तसे म्हणतात. याहून अधिक काही त्याला सांगता येत नसे. “मग उत्तर तुझे नव्हे, त्या कोणीतरीचे,” असे म्हणून ते पुढे वळत. तो दुसरा प्रश्न आमच्या मनात कायमचा घर करून राहिला आहे. त्याच प्रश्नाच्या कसोटीवर सामान्यज्ञानातील काही परिचित नाणी आज वाजवून पाहू या.

सूर्यमालेत ग्रह किती? आमच्या पिढीने ‘नऊ’ असे लिहिले आणि गुण मिळविले. आजचे मूल ‘आठ’ लिहिते आणि तेही गुण मिळविते. या मधल्या काळात आकाशात काहीच घडले नाही. घडले ते प्राग शहरात. २४ ऑगस्ट २००६ रोजी तेथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात ग्रह कशाला म्हणावे याची व्याख्या मतदानाने ठरली. नेपच्यूनच्या पलीकडे प्लुटोसारखे अनेक पिंड सापडू लागले होते. २००५ साली जाहीर झालेला एरिस तर आकाराने जवळजवळ प्लुटोएवढाच होता. प्लुटोला ग्रह म्हणावे, तर या साऱ्यांनाही ग्रहांच्या पंक्तीला बसवावे लागले असते. म्हणून आपल्या कक्षेचा परिसर ज्याने इतर पिंडांपासून मोकळा केला आहे तोच ग्रह, अशी अट घालण्यात आली आणि प्लुटो ‘बटुग्रह’ ठरला. शनीच्या चंद्रांचे तसेच. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ वर गेली. घरातले जुने सामान्यज्ञानाचे पुस्तक खोटे बोलत नव्हते. ते त्याच्या काळाचे उत्तर देत होते. ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलाला हा फरक कळतो. केवळ आकडा पाठ केलेल्या मुलाला, आपल्याला कोणीतरी फसविले, एवढेच वाटते.

याच प्लुटोचे नाव कोणी ठेवले, हा प्रश्नमंजूषेतील आवडता प्रश्न आहे. उत्तर आहे व्हेनेशिया बर्नी, ऑक्सफर्डची अकरा वर्षांची मुलगी. पण या दोन शब्दांमागे केवढी गोड हकीकत दडली आहे! अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तरुणाने १८ फेब्रुवारी १९३० रोजी, वेगवेगळ्या रात्री घेतलेल्या छायाचित्रांची तुलना करताना, जागा बदललेला एक बारीक ठिपका हेरला. मार्च महिन्यात एका सकाळी न्याहारीच्या वेळी आजोबांनी ही बातमी वर्तमानपत्रातून वाचून दाखविली. पुराणकथा आवडणाऱ्या त्या नातीने सुचविले, की त्या दूरच्या अंधाऱ्या जगाला पाताळाच्या रोमन देवाचे नाव द्यावे. आजोबा ग्रंथपाल होते. त्यांनी ती सूचना ओळखीच्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या कानावर घातली, त्याने अमेरिकेला तार केली, आणि नाव पक्के झाले. आजोबांनी खूश होऊन नातीच्या हातावर पाच पौंड ठेवले. पुढे लोक तिला विचारीत, की मिकी माउसच्या कुत्र्यावरून हे नाव सुचले काय? क्रम उलटा आहे. डिस्नेच्या त्या कुत्र्याला प्लुटो हे नाव १९३१ साली मिळाले, म्हणजे ग्रहाच्या नंतर. जानेवारी २००६ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ हे यान प्लुटोकडे निघाले, तेव्हा त्याच्यावर विद्यार्थ्यांनी बनविलेले धूलिकण मोजण्याचे एक उपकरण होते. त्याला पुढे व्हेनेशियाचे नाव देण्यात आले. त्याच यानात टॉमबॉच्या अस्थींची थोडी रक्षाही होती. १४ जुलै २०१५ रोजी ती प्लुटोजवळून गेली. एका शब्दाच्या उत्तरावर टाळी वाजवून आपण पुढे गेलो असतो, तर न्याहारीच्या टेबलापासून सूर्यमालेच्या कडेपर्यंतचा हा प्रवास आपल्या हातून निसटला असता.

काही वेळा उत्तरातील तारखा अचूक असतात, आणि तरीही निष्कर्ष चुकतो. शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोटे’चा कर्ता सर्व्हांटिस हे एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी वारले, असे आवर्जून सांगितले जाते. युनेस्कोने १९९५ साली हाच दिवस पुस्तकांचा दिवस म्हणून निवडला. परंतु त्या वेळी स्पेनमध्ये नवी दिनदर्शिका चालू होती आणि इंग्लंडमध्ये जुनी. दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. तारीख एक, दिवस मात्र निरनिराळे. शिवाय सर्व्हांटिसचा मृत्यू २२ तारखेचा आणि २३ ही त्याच्या दफनाची तारीख, असे अभ्यासक मानतात.

ही नवी दिनदर्शिका आपणा कॅथलिकांच्या घरचीच. ज्यूलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे म्हणजे काय, असे वाटेल. पण सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, आणि त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण, दहा दिवसांनी सरकला होता. लिलिउस नावाच्या इटालियन वैद्याने सुचविलेली आणि क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाने तडीस नेलेली योजना पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली लागू केली. दहा दिवस गाळण्यात आले, आणि ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जातो तेवढेच लीप वर्ष धरावे, असा नियम झाला. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाच्या संत तेरेजा यांचे निधन नेमके त्याच रात्री झाले. त्यांचा सण आपण १५ ऑक्टोबरला साजरा करतो, त्याचे मूळ या गाळलेल्या दिवसांत आहे. आमच्या एका धर्मशिक्षण वर्गात हे ऐकून एका चिमुरड्याने विचारले, “फादर, त्या दहा दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते, त्यांचे काय झाले?” असा प्रश्न ज्याला सुचतो त्याला आम्ही पहिले बक्षीस देऊ.

आता पुढाऱ्यांकडे वळू. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी यांच्या आयुष्यांतील विलक्षण साम्यांची एक यादी केनेडींच्या हत्येनंतर लवकरच निघाली आणि ती आजवर फिरत आहे. केनेडी हे त्या देशाचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. त्यामुळे आपल्या घरांतूनही ती मोठ्या आवडीने वाचली जाते. लिंकन प्रतिनिधिगृहावर निवडून आले १८४६ मध्ये, केनेडी १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले ते १८६० आणि १९६० मध्ये. दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली. लिंकन यांना तर गुड फ्रायडेच्या रात्री. दोघांच्याही जागी आलेल्या उपाध्यक्षांचे आडनाव जॉन्सन. एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. इथपर्यंत सारे खरे आहे. मग यादी म्हणते, की केनेडींच्या चिटणीस बाईंचे आडनाव लिंकन होते. हेही खरे, त्या एव्हलिन लिंकन. आणि लिंकनच्या चिटणीसाचे आडनाव केनेडी होते, त्याने त्यांना नाट्यगृहात जाऊ नका असे विनविले होते! इथे पाऊल घसरते. लिंकन यांच्या चिटणीसांची नावे इतिहासाला चांगली ठाऊक आहेत: जॉन निकोले आणि जॉन हे. त्यांच्यात केनेडी कोणी नाही. दोन्ही मारेकऱ्यांच्या जन्मसालांतही शंभर वर्षांचे अंतर दाखविण्यासाठी यादी बूथचा जन्म १८३९ चा सांगते. तो होता १८३८ चा.

हे सारे मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण असत्य कसे प्रवास करते याचा हा उत्तम पाठ आहे. ते एकटे कधी येत नाही. सात सत्यांच्या खांद्यांवर हात टाकून आठवे असत्य घरात शिरते. पहिली सात विधाने आपण पडताळून पाहिली, म्हणून आठव्याला दार उघडे ठेवावे, असे नाही. आणि कथा जितकी सुबक, तितकी ती अधिक काळजीने तपासावी. कारण खरा इतिहास बहुधा एवढा नीटनेटका नसतो.

लिंकनच्या चिटणीसाची बाब गमतीची म्हणून सोडून देता येईल. परंतु काही सामान्यज्ञान असे असते, की त्यात कोणाचे तरी चारित्र्य गुंतलेले असते. लोकांना पाव मिळत नाही असे ऐकून, मग त्यांनी केक खावा, असे उद्गार कोणत्या राणीने काढले? कोणतेही मूल सांगेल: फ्रान्सची मारी आंत्वानेत. कशावरून? तत्त्वज्ञ रूसो याने आपल्या आत्मचरित्रात एका थोर राजकन्येची अशी आठवण दिली आहे, पण तिचे नाव दिलेले नाही. आणि पदार्थही केक नव्हे, लोणी-अंडी घातलेला ब्रिओश नावाचा पाव. तो भाग त्याने लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत दहा-बारा वर्षांची, ऑस्ट्रियात वाढणारी मुलगी होती. फ्रान्सच्या भूमीवर तिने पाऊल ठेवले ते १७७० साली, चौदाव्या वर्षी. तिच्या नावावर हा उद्गार पुष्कळ नंतर चिकटविण्यात आला. ती उधळी होती, राजदरबाराचे वागणे प्रजेला जाचत होते, यात संशय नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला. जे भोगायचे ते तिने भोगले. पण जे ती बोललीच नाही, त्याची शिक्षा ती दोन शतकांहून अधिक काळ शाळाशाळांतून भोगते आहे.

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. ती न्यायालयापुरती आहे असे मानण्याची आपली प्रवृत्ती असते. मेलेल्या माणसाला प्रत्युत्तर देता येत नाही, दूरच्या माणसाच्या कानावर आपले बोल पडत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना ही आज्ञा सैल होते, असे मात्र नव्हे. उलट, जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याच्याविषयी अधिक जपून बोलले पाहिजे.

हाच नियम आपल्या घराविषयीही पाळावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. गॅलिलिओची कथा घ्या. खटल्याच्या वेळी गुडघ्यांवरून उठताना ‘तरीही ती फिरतेच’ असे तो पृथ्वीविषयी पुटपुटला, असे सांगतात. खटला १६३३ चा, गॅलिलिओचे निधन १६४२ चे. आणि हा उद्गार छापून प्रसिद्ध झाला तो १७५७ साली, लंडनमधील एका इटालियन लेखकाच्या पुस्तकात. शंभराहून अधिक वर्षांनी आलेल्या या साक्षीदारावर कितपत विसंबावे, हे वाचकांनीच ठरवावे. गॅलिलिओ अंधारकोठडीत खितपत पडला, हेही खरे नाही. त्याला फ्लोरेन्सजवळ आर्चेत्री येथे स्वतःच्या घरात नजरकैदेत ठेवले होते. पण एवढे सांगून आपण हात झटकले, तर तीही अर्धी साक्षच ठरेल. आयुष्याची शेवटची वर्षे त्याला त्या नजरकैदेत काढावी लागली, आणि ज्या मतासाठी त्याला दोषी ठरविले ते खरे होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली. आपल्याला सोयीचा अर्धा भाग सांगायचा आणि गैरसोयीचा गाळायचा, ही सवय विरोधकांची असो वा आपली, सारखीच वाईट.

याच्या जोडीला आम्ही मुलांना जॉर्ज लमेत्र यांची ओळख करून देतो. विश्व प्रसरण पावत आहे, हा निष्कर्ष आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून त्याला दूरच्या दीर्घिकांच्या वेगांचा आधार देणारा या बेल्जियन धर्मगुरूचा शोधनिबंध १९२७ साली प्रसिद्ध झाला. हबलच्या सुप्रसिद्ध निबंधापूर्वी दोन वर्षे. १९३१ मध्ये त्यांनी विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा, अशी कल्पना मांडली. या सिद्धान्ताला ‘बिग बँग’ हे नाव मिळाले ते १९४९ साली, आणि तेही तो सिद्धान्त न मानणाऱ्या फ्रेड हॉइल यांच्या बीबीसीवरील भाषणातून! २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सभासदांनी मतदानाने शिफारस केली, की हबलच्या नियमाला यापुढे हबल-लमेत्र नियम म्हणावे. एवढे कळले की आपली छाती अभिमानाने फुगते. पण लमेत्र यांचा मोठेपणा आम्हांला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या विज्ञानाचा संबंध बायबलमधील निर्मितीच्या शिकवणुकीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. सिद्धान्ताला अद्याप पुरेसा पुरावा मिळायचा होता. आणि विज्ञानाचे काम विज्ञानाने करावे, श्रद्धेचे श्रद्धेने, असे त्यांचे मत होते. जे विधान स्वतःला सर्वांत सोयीचे, त्यालाच ‘कशावरून?’ विचारणारा हा धर्मगुरू होता. विश्वाच्या त्या आदिम तेजाचा अवशेष असलेल्या प्रारणाचा शोध लागल्याची वार्ता १९६६ साली, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांच्या कानी आली.

सिनेमाचा विषय आला की सभागृहात जाग येते. भारतातील पहिला चित्रपट कोणता? ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचे कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ. पण त्याच चित्रगृहात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला होता, त्याचे काय? ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालविणारा इंग्रज होता, म्हणून कित्येक जण तो धरीत नाहीत. काही जण धरतात. म्हणजे ‘पहिला’ कोणता हे ‘चित्रपट’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. प्लुटोची तीच गोष्ट इथेही.

दादासाहेब फाळके यांना चित्रपटाचा ध्यास कशाने लागला, हे तर आपल्या प्रत्येक प्रश्नमंजूषेत हवे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनी स्वतःच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहून ठेवले आहे. इथे ‘कशावरून?’चे उत्तर खुद्द त्या माणसाच्या लेखणीतून मिळते. पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, यंत्र घेऊन आले, आणि कुंडीतल्या बीला अंकुर फुटून वेल कसा वाढतो त्याचे चित्रण करून त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविली. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. त्यांनीच पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पत्नी सरस्वतीबाई घरच्या स्वयंपाकाबरोबर साऱ्या कलावंतांचे जेवण रांधीत आणि कच्च्या फिल्मला कडेची भोकेही पाडीत. सरस्वतीबाईंवर प्रश्न आलेला आम्ही अद्याप ऐकला नाही. तो यावा.

ज्या विधानाविषयी कोणाला कधी शंकाही येत नाही, तेच सर्वांत आधी तपासावे, हे एका लहान मुलीने देशाला शिकविले. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे आपण सर्वांनी पुस्तकांत वाचले. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराखाली सरकारला विचारले, की तसे जाहीर केल्याचा आदेश कोठे आहे? क्रीडा मंत्रालयाचे उत्तर आले: कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर करण्यात आलेला नाही. ऑलिंपिकमधील हॉकीची आठ सुवर्णपदके खरी, त्यांचा अभिमान खरा. आदेश मात्र नव्हता.

आज प्रश्नोत्तरांची पुस्तके मागे पडली आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. पुढाऱ्यांचे उद्गार, सालवारी, आकडे, सारे क्षणात येते आणि क्षणात पुढे जाते. त्याची किंमत काय असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक मजकूर फिरला. गावच्या एका दिवंगत सरपंचांनी गुरचरणाची जमीन स्वतःच्या सहीने परक्याच्या घशात घातली, असा त्यात आरोप होता. सर्व्हे नंबर, क्षेत्र, सहीचे साल, सारे अगदी काटेकोर. लोकांचा विश्वास बसला तो या काटेकोरपणामुळेच. सरपंचांच्या वृद्ध पत्नी रोज सकाळच्या मिस्सेला येत असत. त्या येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी वेदीसेवकांच्या गटातील एक मुलगी आमच्याकडे आली. ती प्रश्नमंजूषेत बक्षिसे मिळविणाऱ्यांपैकी नव्हती. म्हणाली, “फादर, दरवर्षी मृतांच्या दिवशी आम्ही मुले कबरी साफ करतो. त्या सरपंच-आजोबांच्या शिळेवरचे साल मला पाठ आहे. सही त्यांच्या मरणानंतर तीन वर्षांनी कशी झाली?”

आम्ही तिच्याबरोबर दफनभूमीत गेलो, शिळा पाहिली, मग मृत्यूची नोंदवही काढली. मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. येत्या रविवारी आम्ही वेदीवरून ते सांगितले. पुष्कळांनी मान डोलावली. पण ज्या तत्परतेने मूळ मजकूर पुढे धाडला गेला होता, त्या तत्परतेने त्याची दुरुस्ती कोणी धाडली नाही. आजी पुन्हा मिस्सेला येऊ लागल्या त्याला दोन महिने लागले. आणि आल्या त्या पूर्वीच्या पुढच्या बाकावर न बसता मागच्या दाराशी बसू लागल्या. एक साल, चार अंक. पण त्यांच्यामागे एक घर होते.

म्हणून आमचे आईवडिलांना एवढेच सांगणे आहे. मुलांना सामान्यज्ञान अवश्य शिकवा. पुस्तके घेऊन द्या, तारे दाखवा, जुन्या चित्रपटांच्या गोष्टी सांगा. मात्र मुलाने उत्तर दिले की शाबासकीबरोबर ‘कशावरून?’ असेही विचारा, आणि त्याने तुम्हांला उलट विचारले तर त्याला उद्धट म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. एखादा जुना दस्तऐवज, एखादे ग्रंथालय, एखादी शिळा, एखादे जाणते माणूस कुठेतरी असतेच. आणि कोणाविषयी काही वाईट पुढे धाडण्यापूर्वी, ते त्याच्या पत्नीने, त्याच्या नातवंडांनी वाचले तर काय होईल, एवढे मनात आणा. रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात रोज एकदा तरी हा दुसरा प्रश्न विचारला जावा, अशी आमची इच्छा आहे. त्याने जेवण थोडे लांबेल, लांबू द्यावे.